भावाची 'निवड' झालेलीच नसेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना का करायची?

हा प्रश्न निपाणीहून एका ताईंनी विचारला आहे. त्यांचे माहेर बेळगावचे, मेथडिस्ट मंडळीतले. सासर मूळचे कोल्हापूरकडचे, प्रेस्बिटेरियन वळणाचे. त्यांचा धाकटा भाऊ उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. पूर्वी तो मंडळीच्या गायनवृंदात असायचा, पण कमिटीच्या एका भांडणानंतर त्याने उपासनेला येणे सोडले, आणि आता घरात कोणी प्रार्थना सुरू केली की तो उठून बाहेर जातो. मोबाइलवर प्रवचने ऐकणारे त्यांचे दीर परवा त्यांना म्हणाले, "देवाने ज्याला जगाच्या स्थापनेपूर्वी निवडलेच नाही, त्याच्यासाठी रडून काय उपयोग?" ताईंचे म्हणणे असे की दीर म्हणतात ते खरे असेल तर प्रार्थना व्यर्थ आहे, आणि माहेरी शिकवले त्याप्रमाणे माणसाची इच्छा स्वतंत्र असेल, तर भावाचे मन देव तरी कसे वळवणार? मग प्रार्थना दोन्हीकडून व्यर्थच ठरत नाही का?

ताई, मी मेथडिस्ट मंडळीचा पाळक होतो. बेळगाव, खानापूर आणि आसपासच्या खेड्यांत सेवा करून आता निवृत्त झालो आहे आणि मंडळीतल्या उपदेशकांचे वर्ग घेतो. त्यामुळे या वादात मी तटस्थ पंच नाही, हे आधीच सांगितलेले बरे. माझा कल मेथडिस्ट परंपरेचा संस्थापक वेस्ली याच्याकडे, म्हणजे देवाची कृपा माणूस स्वीकारू किंवा नाकारू शकतो असे मानणाऱ्या आर्मिनियन बाजूला आहे. तरीही तुमच्या दिरांना उत्तर देण्यासाठी मी बहुतेक साक्षी, कोणाचे तारण व्हायचे हे देवाच्या निवडीनेच ठरते असे शिकवणाऱ्या कॅल्विनच्याच बाजूच्या काढणार आहे, कारण ते ज्या शिकवणीच्या नावाने बोलत आहेत, त्या शिकवणीनेच असे बोलायला मनाई केलेली आहे.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. तारणात देवाची निवड आणि माणसाची इच्छा यांचा मेळ कसा बसतो, हा एक. त्यावरचा वाद चारशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तो आपल्या हयातीत मिटेल असे मला वाटत नाही. दुसरा प्रश्न असा, की भाऊ दूर गेला आहे आणि मी रोज रात्री त्याचे नाव घेते, त्याला काही अर्थ आहे का. पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याचे उत्तर मिळणार नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. माझ्या मते तसे नाही, आणि ते का नाही हेच सविस्तर सांगतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. भाऊ देवावर रुसला आहे की कमिटीवर, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. त्याचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण झाले आहे का, तो घरी एकटा असताना काय वाचतो, गाणे पूर्ण सोडले आहे की कामावर गुणगुणतो, घरच्या प्रार्थनेतून उठून जातो तेव्हा चिडून जातो की खाली मान घालून, हे सगळे वेगवेगळे आहे आणि त्याप्रमाणे वागण्याची रीतही बदलते. आमच्या भागात ज्यांच्याबद्दल "त्याने विश्वास सोडला" असे बोलले जाते, त्यांतल्या बऱ्याच जणांनी प्रत्यक्षात एखाद्या माणसाशी बोलणे सोडलेले असते, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे निवड आणि त्याग (म्हणजे देवाने टाकून देणे) असले मोठे शब्द या भावाच्या बाबतीत वापरण्याची वेळ आली आहे का, याचीच मला शंका आहे.

तुमच्या घरात हे दोन प्रवाह एकत्र कसे आले, याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो या वादाचे वजन ठरवायला उपयोगी पडतो. बेळगावात 1820 साली जोसेफ टेलर यांनी लंडन मिशनरी सोसायटीचे काम सुरू केले. ही सोसायटी प्रामुख्याने कॉंग्रिगेशनल मंडळींची, म्हणजे साधारणपणे कॅल्विनच्या परंपरेत वाढलेल्या लोकांची होती. 1904 साली तिने बेळगावचे काम अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनकडे सोपवले, आणि मेथडिस्ट परंपरा आर्मिनियन आहे. इकडे कोल्हापुरात 1852 साली रॉयल वाइल्डर आले आणि 1870 च्या सुमारास ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या हाती गेले. ही परंपरा कॅल्विनची. म्हणजे तुमच्या माहेरच्या मंडळीत एका पिढीने कॅल्विनच्या वळणाच्या मिशनऱ्यांकडून सुवार्ता ऐकली आणि पुढच्या पिढीने वेस्लीच्या अनुयायांकडून. बाकांवर बसणारी घराणी तीच राहिली. 1904 पूर्वी आणि नंतर त्यांच्या प्रार्थनेत या कारणाने फरक पडला असेल, असे मला तरी वाटत नाही.

आता दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट मांडतो, कारण मोबाइलवर दोन्हींची व्यंगचित्रेच जास्त फिरतात. दोघेही मान्य करतात की पापामुळे माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे येऊ शकत नाही. फरक पुढे आहे. कृष्णेला महापूर आला आहे आणि एक माणूस वाहून चालला आहे, असे समजा. कॅल्विनच्या परंपरेनुसार तो बेशुद्ध आहे. नावाडी त्याला उचलून नावेत घेतो, मग तो शुद्धीवर येतो आणि नावाड्याला मनापासून धरून राहतो. कोणाला उचलायचे हे नावाड्याने आपल्या दयेने ठरवलेले असते आणि ज्याला उचलले तो पुन्हा पाण्यात पडत नाही. आर्मिनियन परंपरेनुसार नावाडी प्रत्येकापर्यंत जातो, त्याला आधी शुद्धीवर आणतो, हात धरण्याइतके बळ त्याच्या हातात घालतो. मग तो माणूस हात धरू शकतो किंवा झिडकारू शकतो. मी स्वतःच पोहून काठाला लागलो, असे म्हणणारी तिसरी बाजूही इतिहासात होऊन गेली, ती पाचव्या शतकातल्या पेलागियसची; आणि ती दोघांनाही अमान्य आहे. या दाखल्याची मर्यादा अशी, की पुरात सापडलेला माणूस निर्दोष असतो आणि नावाड्याशी त्याचे वैर नसते; बायबलमधल्या रोमकरांस पत्रात वर्णन केलेला माणूस तसा नाही.

हा वाद कॅल्विन आणि आर्मिनियस यांच्यात समोरासमोर कधी झालाच नाही. जॉन कॅल्विन 1564 साली जिनिव्हात वारला, तेव्हा हॉलंडमध्ये 1560 साली जन्मलेला याकोबस आर्मिनियस अजून लहान होता. पुढे तो जिनिव्हातच कॅल्विनचा उत्तराधिकारी बेझा याच्याकडे शिकला, 1603 पासून लायडनमध्ये प्राध्यापक होता आणि 1609 साली वारला. त्याच्या अनुयायांनी 1610 साली पाच कलमांचे निवेदन दिले. त्याला उत्तर म्हणून 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट येथे धर्मसभा भरली आणि तिने जे निर्णय दिले, त्यांनाच आज 'कॅल्विनचे पाच मुद्दे' म्हणतात. म्हणजे मुळात पाच कलमे आर्मिनियन बाजूची होती आणि कॅल्विनिस्ट मुद्दे त्यांचे उत्तर होते. तुमच्या दिरांना या पाच मुद्द्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे 'ट्यूलिप' पाठ असेल. ती आद्याक्षरे फार अलीकडची आहेत, कॅल्विनने त्यांचे नावही ऐकले नव्हते.

1610 च्या त्या निवेदनातल्या दोन गोष्टी माझ्या बाजूच्या लोकांनाही ठाऊक नसतात. तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की माणसाला स्वतःच्या इच्छेच्या बळावर तारणदायी विश्वास उत्पन्न करता येत नाही, त्याचा नवा जन्म देवाकडूनच व्हावा लागतो. आणि पाचव्या कलमात, खरा विश्वासी माणूस शेवटी कृपेतून ढळू शकतो का, हा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला आणि शास्त्रातून अधिक तपासायला हवा असे म्हटले. आमच्याकडे काही उपदेशक आर्मिनियन म्हणवून घेत जे सांगतात, ते पुष्कळदा पेलागियसच्या जवळचे असते.

डॉर्टची सभा केवळ धर्माची राहिली नाही, हेही लक्षात ठेवावे. हॉलंडच्या राजकारणातल्या दोन गटांनी ही दोन मते आपापल्या बाजूला ओढली. सभा संपल्यावर चारच दिवसांत, 13 मे 1619 रोजी, आर्मिनियन पक्षाचा पाठीराखा वृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट याचा शिरच्छेद झाला. मुळातला मुद्दा बाजूला पडून 'तू कोणत्या बाजूचा' एवढाच प्रश्न कसा उरतो, हे सीमाभागात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्या लोकांच्या मनातल्या एका गोष्टीकडे वळतो, कारण ती या प्रकरणाचे मूळ आहे असे मला वाटते. 'पूर्वनियुक्ती', म्हणजे देवाने आधीच ठरवून ठेवणे, हा शब्द ऐकताच आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सटवाई उभी राहते. मूल जन्मल्यावर पाचवी-सहावीच्या रात्री ती येते आणि कपाळावर लिहून जाते, आणि मग "कपाळात असेल ते चुकत नाही" असे म्हणत माणूस हात टेकतो. पिढ्यान्‌पिढ्या मंडळीत असलेल्या घरांतही हा विचार मुरलेला असतो. फक्त सटवाईच्या जागी देव बसवलेला असतो. तुमच्या दिरांचे 'जगाच्या स्थापनेपूर्वी' हे शब्द इफिसकरांस पत्रातले आहेत, पण त्यांच्या वाक्यात मला त्या पत्रापेक्षा सटवाईच अधिक ऐकू येते. सटवाईच्या लिखाणाला कारण नसते, प्रेम नसते, आणि त्यात बदल व्हावा म्हणून कोणी तिच्याशी बोलत नाही. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात निवड ख्रिस्तामध्ये झाली आहे असे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, ती पवित्र होण्यासाठी झाली आहे असे म्हणतो, आणि तो अध्याय संपण्यापूर्वी त्याच लोकांसाठी प्रार्थनाही करतो. ज्या देवाने शेवट नेमला त्याने तिथवर जाण्याची साधनेही नेमली आहेत, आणि बहिणीची प्रार्थना हे त्यांतले एक साधन असू शकते. कॅल्विनच्या परंपरेतला कोणताही जबाबदार शिक्षक हे नाकारणार नाही.

यासाठी तीन ठिकाणे दाखवतो. दिरांसोबत बसून ती उघडून पाहावीत.

पहिले ठिकाण रोमकरांस पत्राचा नववा अध्याय. निवडीविषयी बायबलमधला सर्वांत कठीण मजकूर हाच: याकोब आणि एसाव, फारो, कुंभार आणि माती. कॅल्विनिस्ट मंडळी सर्वांत आधी इथेच बोट ठेवतात. पण हा अध्याय सुरू होतो तो पौलाच्या दुःखाने. आपल्या भाऊबंदांसाठी माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे, त्यांच्याऐवजी मीच ख्रिस्तापासून तुटलो असतो तर बरे, अशा अर्थाचे तो बोलतो. आणि कुंभार-मातीचे सगळे बोलून झाल्यावर दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो म्हणतो, की त्यांचे तारण व्हावे ही माझ्या मनाची इच्छा आणि देवाजवळ माझी विनंती आहे. निवडीवर एवढे लिहिणाऱ्या माणसाने त्याच पत्रात, विश्वास न ठेवणाऱ्या आपल्या भावांसाठी प्रार्थना केली. "त्यांची निवड नसेल" असे म्हणून तो गप्प बसला नाही.

दुसरे ठिकाण खुद्द कॅल्विनचा 'इन्स्टिट्यूट्स' हा ग्रंथ. त्याची अखेरची लॅटिन आवृत्ती 1559 सालची. निवडीचा विषय त्याने ग्रंथाच्या आरंभी, देवाविषयीच्या भागात घातलेला नाही. तो तिसऱ्या भागात, विश्वास आणि ख्रिस्ती जीवन यांविषयी लिहून झाल्यावर, एकविसाव्या अध्यायात येतो. त्याच्या आधीचा विसावा अध्याय प्रार्थनेवर आहे आणि तो अतिशय मोठा आहे. पुढे तेविसाव्या अध्यायात प्राचीन मंडळीतला शिक्षक ऑगस्टीन याचा दाखला देऊन कॅल्विन सांगतो, की कोण निवडलेल्यांत आहे आणि कोण नाही हे आपल्याला माहीत नसल्यामुळे, सर्वांचे तारण व्हावे असेच आपल्याला वाटले पाहिजे. चोविसाव्या अध्यायात तो ख्रिस्ताला आरसा म्हणतो: आपली निवड पाहायची असेल तर त्या आरशात पाहा, अन्यत्र शोधू नका. दुसऱ्याची निवड पाहायला त्याने कोणताच आरसा दिलेला नाही.

तिसरे ठिकाण डॉर्टचे निर्णय, तिसऱ्या-चौथ्या मुद्द्यातले पंधरावे कलम. जे बाहेरून विश्वास कबूल करतात त्यांच्याविषयी चांगलेच बोलावे, कारण अंतःकरणातले आपल्याला दिसत नाही. आणि ज्यांना अजून पाचारण झालेले नाही त्यांच्यासाठी देवाजवळ प्रार्थना करणे हे आपले कर्तव्य आहे. जणू आपण स्वतःच्या गुणाने वेगळे ठरलो अशा ताठ्याने त्यांच्याशी वागू नये. हे आर्मिनियन पुस्तक नाही, ताई. आर्मिनियन लोकांना दोषी ठरवून सुमारे 200 पाळकांना पदावरून काढायला कारण झालेल्या सभेचे हे शब्द आहेत, आणि त्यांत तुमच्या दिरांचे वाक्य बसत नाही.

ज्या ऑगस्टीनकडून कॅल्विनने हे सगळे घेतले, त्याची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. त्याची आई मोनिका वर्षानुवर्षे त्याच्यासाठी रडत होती. तो विश्वासात नव्हता आणि घर सोडून दूर गेला होता. शेवटी 387 साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हातारपणी विश्वासात टिकून राहण्याच्या देणगीवर त्याने एक ग्रंथ लिहिला. टिकून राहणेही माणसाच्या हाती नाही, ते देवाचे दान आहे, असा त्या ग्रंथाचा सगळा रोख आहे. त्यातच तो लिहितो, की मी नाश पावलो नाही तो माझ्या आईच्या रोजच्या अश्रूंमुळे देवाने मला तिच्या पदरात घातले म्हणून. कृपाच सर्व करते, या मतासाठी तो आईच्या प्रार्थनेचा पुरावा देतो. माणसाचे मन बदलणे देवाच्या हाती आहे असे मानणाऱ्यालाच देवाजवळ "याचे मन बदल" असे मागण्याला सर्वांत भक्कम आधार मिळतो, हे मी माझ्या बाजूचा कल असूनही कबूल करतो.

सुवार्ता सांगण्याच्या बाबतीतही असेच आहे. विल्यम कॅरी हा कॅल्विनच्या परंपरेतला बाप्तिस्ट होता. 1793 साली तो भारतात आला आणि 1811 साली सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. निवडलेले आपोआप येतील असे तो मानत असता, तर आपल्या पूर्वजांच्या हाती ते पुस्तक त्याच्याकडून आले नसते. प्रेषितांची कृत्ये, अठराव्या अध्यायात करिंथ शहरात प्रभू पौलाला म्हणतो, की बोलत राहा, गप्प बसू नको, कारण या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. निवड हे तिथे बोलत राहण्याचे कारण आहे.

आता तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू. इच्छा स्वतंत्र असेल तर देव भावाचे मन कसे वळवणार? इथे माझ्या परंपरेला उत्तर द्यायचे आहे. वेस्ली माणसाच्या इच्छेला जन्मतः स्वतंत्र मानत नाही. देवाची कृपा आधीच येऊन प्रत्येक माणसाला थोडे जागे करते, त्याच्या मनाला टोचणी लावते, आणि त्या जागे होण्यातूनच होकार किंवा नकार शक्य होतो, असे तो म्हणतो. त्यामुळे भावासाठी प्रार्थना करताना तुम्ही देवाने त्याच्यावर जबरदस्ती करावी असे मागत नाही. ती टोचणी वाढू दे, योग्य माणूस योग्य वेळी त्याला भेटू दे, जुने गाणे एखाद्या दुपारी त्याच्या ओठांवर येऊ दे, त्याच्या मनातला राग निवू दे, असे मागता. लुदिया नावाच्या बाईचे अंतःकरण प्रभूने उघडले असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. पण ते उघडले तेव्हा ती नदीकाठी प्रार्थनेच्या जागी बसून पौलाचे बोलणे ऐकत होती. या बाजूची कठीण गोष्ट लपवत नाही. देवाने सर्व करूनही माणूस नाही म्हणू शकतो, असे आम्ही मानतो. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू यरुशलेमविषयी बोलतो, की कोंबडी पिल्लांना जवळ घेते तशी मी तुझी मुले गोळा करू इच्छित होतो, पण तुमची इच्छा नव्हती. प्रार्थना करणाऱ्या बहिणीला हे वचन जड जाते, आणि ते हलके करण्याची युक्ती माझ्याकडे नाही.

वचनांची लढाई मी इथे फार लांबवत नाही. देवाची इच्छा आहे की सर्वांचे तारण व्हावे, या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या वचनाचा अर्थ कॅल्विनिस्ट 'सर्व प्रकारच्या लोकांचे' असा लावतात. मला तो ओढून ताणून केलेला वाटतो. उलट पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही, या योहानाच्या सहाव्या अध्यायातल्या वचनावर आमच्या लोकांची उत्तरेही तितकीशी सुटसुटीत नसतात. देवाला आधीच माहीत असते म्हणून त्याने निवडले, असे म्हणून अडचण संपते असे अनेक मेथडिस्टांना वाटते. पण नाकारणार हे माहीत असूनही देवाने त्या माणसाला निर्माण केले, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. वेस्लीने 1739 साली पूर्वनियुक्तीविरुद्ध कडक प्रवचन दिले आणि कॅल्विनच्या बाजूचा त्याचा मित्र व्हाइटफील्ड याने त्याला पत्रातून तितकेच कडक उत्तर दिले. तरी 1770 साली व्हाइटफील्ड वारल्यावर त्याच्या स्मरणाचे प्रवचन वेस्लीनेच केले.

प्रत्यक्ष सेवेत मी दोन्ही शिकवणींचे उलटे परिणाम पाहिले आहेत. कॅल्विनचे अर्धवट ऐकलेला एक तरुण माझ्या वर्गात यायचा. आपण निवडलेले आहोत की नाही हे नक्की कळत नाही, म्हणून त्याने प्रभुभोजन घेणे बंद केले होते. थाळी जवळ आली की तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचा. डॉर्टच्याच पहिल्या मुद्द्यातले सोळावे कलम मी त्याला वाचून दाखवले: ज्यांना अजून खात्री वाटत नाही त्यांनी स्वतःला टाकलेल्यांत मोजू नये, देवाने दिलेली साधने वापरत राहावे. तो दुसऱ्या महिन्याला भोजनाला पुढे आला. निवडीविषयीचे त्याचे मत बदलले नाही आणि बदलावे असे मी सुचवलेही नाही. उलट बाजूला एक गृहस्थ होते, जे दर वर्षीच्या संजीवन सभेत शेवटच्या गीताला हात वर करून पुढे यायचे, कारण वर्षभरात हातून काही चुकले की आपले तारण गेले असे त्यांना वाटायचे. त्यांना मी फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातले सहावे वचन दिले, ज्यात चांगले काम सुरू करणारा ते शेवटास नेईल असा भरवसा आहे. आर्मिनियन मंडळीत मी कॅल्विनिस्टांचे लाडके वचन औषध म्हणून वापरले, असे म्हणा हवे तर. आपल्या खात्रीचा आधार आपल्या निर्णयाच्या जोरात नसावा, या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर आहे असे मला वाटते.

खानापूरकडच्या एका आजींच्या गीतांच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने नावे लिहिलेली होती: मुले, पुतणे, एक जावई, शेजारचे दोघे. कोणी परत मंडळीत आला तरी त्या नाव खोडत नसत. "आला म्हणजे गरज संपली असं थोडंच आहे," म्हणायच्या. त्यांना डॉर्ट माहीत नव्हते, पण टिकून राहण्याची शिकवण त्यांना दोन्ही बाजूंच्या पुष्कळ विद्वानांपेक्षा बरी समजली होती.

तुम्ही आता काय करावे, ते सांगतो. दिरांशी वचनांची स्पर्धा करू नका. घरात ते मोठे असतील तर त्यातून फक्त कटुता वाढेल. त्यांना शांतपणे एवढेच विचारा, की डॉर्टचे पंधरावे कलम आणि रोमकरांस पत्राचे दहाव्या अध्यायाचे पहिले वचन तुम्ही कसे समजता. प्रामाणिक माणूस असेल तर तो थांबून विचार करील. कोल्हापूरच्या मिशनची मूळ मंडळी, म्हणजे अमेरिकेतली प्रेस्बिटेरियन मंडळी, हिने 1903 साली आपल्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाला, म्हणजे विश्वासाच्या अधिकृत निवेदनाला, एक खुलासा जोडला आणि देवाच्या निर्णयाची शिकवण सर्व मानवजातीवरच्या त्याच्या प्रेमाशी सुसंगत राहील अशीच समजायची, असे म्हटले. हेही त्यांच्या कानावर घाला. त्यांच्याच घराण्यात सुवार्ता आणणाऱ्यांचे हे म्हणणे आहे.

भावाच्या बाबतीत, पुढचे काही महिने त्याला मंडळीत ये असे म्हणू नका. कमिटीत त्याच्याशी काय झाले ते त्याच्याकडून ऐका, मध्ये न बोलता, आणि त्यात त्याचे म्हणणे बरोबर असेल तर बरोबर होते असे स्पष्ट सांगा. अन्याय झाला असेल तर तुमच्या सध्याच्या पाळकांनी त्याला जाऊन भेटावे. ती मंडळीची जबाबदारी आहे, निवडीच्या शिकवणीवर ढकलायची गोष्ट नाही. त्याच्यासमोर घरची प्रार्थना लहान ठेवा आणि तिच्यात त्याच्याविषयी टोमणे येऊ देऊ नका. "प्रभू, आमच्यातल्या वाट चुकलेल्यांना आण" असे मोठ्याने म्हणत त्याच्याकडे पाहणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. मी त्याच्या जागी असतो तर मीही उठून गेलो असतो. त्याचे नाव घ्यायचे ते तुमच्या एकटीच्या प्रार्थनेत घ्या. नाताळच्या आधी गायनवृंदाच्या तालमी सुरू होतील, तेव्हा त्याच्या जुन्या सोबत्यांपैकी एकाने त्याला सहज बोलवावे, तुम्ही नको.

शेवटी तुम्ही विचारले आहे, की निपाणीत सासरच्या मंडळीत प्रभुभोजन घेणे माहेरच्या शिकवणीशी बेइमानी ठरेल का, आणि मुलीला तिथल्या रविवारच्या शाळेत पाठवू का. बेइमानी नाही. 1970 साली नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एकत्र आल्या, तेव्हा त्यांत प्रेस्बिटेरियन आणि ब्रिटिश मेथडिस्ट दोघेही होते. या वादाचा निकाल लागण्याची कोणी वाट पाहिली नाही. मुलीला खुशाल पाठवा. तिने घरी येऊन "आई, मामाला देवाने निवडलंय का?" असे विचारलेच, तर तिला सांगा की ते देवाला ठाऊक, आणि तिच्यासोबत बसून मामाला वाढदिवसाचा फोन लावा.